फ्रीडम आणि लिबरेशन : दोन शब्दांचा गोमंतकीय अर्थ



डॉ. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९५३ साली मुंबईहून एक इंग्रजी पत्र सुरू केले. त्याचे नाव ‘फ्री गोवा’. अवघ्या दोन शब्दांचे हे नाव. पण ते मराठीत आणू पाहणाऱ्याला पहिल्याच पावलाला थांबावे लागते. ‘फ्री’ हे विशेषण मानले तर ‘मुक्त गोवा’ असा अर्थ होतो, आणि तसा गोवा तेव्हा अस्तित्वात नव्हता. ‘फ्री’ हे क्रियापद मानले तर ती आज्ञा ठरते : ‘गोवा मुक्त करा’. एका अर्थात स्वप्न आहे, दुसऱ्यात मागणी. इंग्रजीला या दोहोंतून एकाची निवड करावी लागत नाही, कारण तिथे विशेषणाचे आणि आज्ञार्थाचे रूप एकच. मराठीला निवड करावीच लागते. आणि आज्ञार्थ निवडला की लागलीच पुढचा प्रश्न उभा राहतो : ही आज्ञा कोणाला? पोर्तुगिजांना, दिल्लीच्या सरकारला, की खुद्द गोमंतकीयांना?

प्रश्न व्याकरणाचा आहे. परंतु गोव्याच्या सार्वजनिक जीवनात तो व्याकरणापुरता कधीच राहिला नाही. भारताचा पंधरा ऑगस्ट हा ‘इंडिपेंडन्स डे’, गोव्याचा एकोणीस डिसेंबर हा ‘लिबरेशन डे’. आणि त्या दिवशी ज्यांचा सत्कार होतो त्यांना मात्र म्हणतात ‘फ्रीडम फायटर’. दिवसाला एक शब्द, माणसाला दुसरा. मराठीतही तेच : मुक्तिदिन आणि स्वातंत्र्यसैनिक. ही विभागणी कोणी ठरवून केलेली दिसत नाही, पण ती अर्थशून्यही नाही.

प्रथम शब्दांचे कूळ पाहू. ‘फ्री’ हा शब्द मूळचा जर्मानिक शाखेतला, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते संस्कृतातल्या ‘प्रिय’ या शब्दाशी जोडतात. घरातली आपली, प्रिय माणसे ती ‘फ्री’. दास हे त्या वर्तुळाबाहेरचे. त्याला ‘डम’ हा प्रत्यय लागून ‘फ्रीडम’ झाले, जसे किंगपासून ‘किंगडम’, वाइजपासून ‘विज्डम’. हा प्रत्यय अवस्था दाखवतो. आपल्या व्याकरणाच्या परिभाषेत बोलायचे तर फ्रीडम हे तद्धित आहे : विशेषणापासून झालेले भाववाचक नाम. त्याच्या पोटात कोणतीही क्रिया नाही. ‘लिबरेशन’ मात्र ‘लिबरेट’ या धातूपासून झालेले, म्हणजे कृदन्त. जिथे क्रिया आली तिथे कर्ता आला, कर्म आले, काळ आला. फ्रीडम कधी सुरू झाले हे विचारण्याची गरज नसते. ते असते किंवा नसते. लिबरेशन ही घटना आहे. तिला तारीख लागते, आणि ती घडवणारा कोणीतरी लागतो.

मराठीतले प्रतिशब्दही याच दोन जातींत बसतात. ‘स्वतंत्र’पासून ‘स्वातंत्र्य’ हे तद्धित. ‘मुच्’ धातूपासून ‘मुक्ती’ आणि ‘विमोचन’ ही कृदन्ते. यांपैकी ‘मुक्ती’ हा शब्द जरा लवचीक आहे. मोक्षाच्या संस्कारामुळे तो क्रियाही दाखवतो आणि क्रियेनंतरची शांत अवस्थाही. ‘विमोचन’ तसा नाही. त्यात सोडवणाऱ्याचा हात दिसतो. १९५४ साली पुण्यात जी समिती स्थापन झाली आणि जिने पुढच्या वर्षी सत्याग्रही तुकड्या गोव्याच्या सीमेवर धाडल्या, तिने आपले नाव ‘गोवा विमोचन सहायक समिती’ असे ठेवले. शब्दयोजना किती नेमकी आहे! विमोचन ही क्रिया, आणि समिती तिची सहायक. मुख्य कर्ता दुसरा कोणी, बहुधा गोमंतकीय जनता. आज तोच शब्द पुस्तक-प्रकाशनाच्या निमंत्रणपत्रिकांत शिल्लक उरला आहे. असो.

पुस्तकाचा विषय निघालाच आहे तर ग्रंथालयाच्या व्यासपीठावर एक विषयांतर क्षम्य ठरावे. ‘लिबरेशन’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘लीबेर’ हा शब्द आहे, त्याचा अर्थ मुक्त. आणि ‘लायब्ररी’च्या मुळाशी लॅटिनमधलाच ‘लिबेर’, त्याचा अर्थ पुस्तक. दोहोंत फरक फक्त पहिल्या इकाराचा : एक दीर्घ, दुसरा ऱ्हस्व. शुद्धलेखनाच्या तासाला ऱ्हस्व-दीर्घाला कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे हे उदाहरण आहे. पोर्तुगीज भाषेत तर ही जवळीक आणखी वाढली : ‘लिव्र’ म्हणजे मुक्त, ‘लिव्रु’ म्हणजे पुस्तक. दोन्ही शब्दांचे मूळ वेगळे आहे, तेव्हा ग्रंथवाचन आणि मुक्ती यांचे नाते व्युत्पत्तीने सिद्ध करण्याच्या मोहात पडू नये. ते सिद्ध करायचे तर इतिहासाने करावे लागेल, आणि गोव्यापुरते ते करता येते. ते पुढे येईलच.

आता प्रयोग. इंग्रजीत ‘फ्रीडम’ला ‘ऑफ’ही चालतो आणि ‘फ्रॉम’ही. फ्रीडम ऑफ स्पीच आणि फ्रीडम फ्रॉम फिअर ही दोन्ही वळणे सारखीच रूढ. मराठी हे दोन संबंध दोन वेगळ्या शब्दांत वाटून देते. ‘भाषणाचे स्वातंत्र्य’ म्हणावे, पण ‘भयापासून स्वातंत्र्य’ कानाला खटकते. तिथे ‘भयापासून मुक्ती’ हवी. म्हणजे स्वातंत्र्याला षष्ठी मानवते, मुक्तीला पंचमी. स्वातंत्र्य कशाचे आणि मुक्ती कशापासून, हे दोन प्रश्न मराठी भाषकाच्या मनात मुळातच वेगळे आहेत.

याहून महत्त्वाचा फरक ‘ऑफ’च्या आतच दडलेला आहे. ‘फ्रीडम ऑफ गोवा’ आणि ‘लिबरेशन ऑफ गोवा’ या दोन प्रयोगांत ‘ऑफ’ दिसायला एकच. पण पहिल्यात गोवा हा स्वामी आहे, स्वातंत्र्य त्याच्या मालकीचे. दुसऱ्यात गोवा हे कर्म आहे. त्याच्यावर क्रिया घडली. कृदन्ताबरोबर येणारी षष्ठी कधी कर्त्याची असते, कधी कर्माची, हे पाणिनीने फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. ‘गोव्याची मुक्ती’ या मराठी प्रयोगातही हा संदेह राहतो : गोव्याने मिळवलेली मुक्ती, की गोव्याला मिळवून दिलेली? गेली साठ वर्षे गोव्यात या विषयावर जे वाद होत आले, त्यांतले निम्मे तरी या एका षष्ठीचे वाद आहेत.

इंग्रजी सैनिकांनी दुसऱ्या महायुद्धात ‘लिबरेट’ या क्रियापदाची केलेली थट्टाही जाता जाता सांगण्यासारखी आहे. कोणाच्या तळघरातली दारूची बाटली परस्पर लांबवली की ती ‘लिबरेट केली’ असे ते म्हणत. थट्टेतली टोचणी व्याकरणाचीच आहे : कर्माची संमती विचारण्याची सोय या क्रियापदात नाही. आणि ‘फ्री’चे बाजारात काय झाले ते दुकानांच्या पाट्यांवर वाचावे, तिथे त्याचा अर्थ केवळ ‘फुकट’.

परंतु या सगळ्यासाठी तत्सम शब्दांच्या मागे जाण्याचे कारण नाही. मराठीच्या बोलीत तीन साधी क्रियापदे आहेत : सुटणे, सोडणे, सोडवणे. ‘गोवा सुटला’ असे म्हटले की क्रिया अकर्मक. फळ पिकून गळावे तशी. ‘गोवा सोडला’ म्हटले की कर्ता पोर्तुगीज. आणि ‘गोवा सोडवला’ म्हटले की कर्ता तिसरा कोणी, ज्याने धरणाऱ्याच्या मुठीतून धरलेल्याला काढले. लिबरेट या क्रियापदाचा यथार्थ मराठी पर्याय ‘सोडवणे’ हाच आहे. कोकणीने तो केव्हाच ओळखला होता. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५पासून सीमेबाहेरच्या जंगलातून जे भूमिगत आकाशवाणी केंद्र चालवले, त्याचे इंग्रजी नाव ‘व्हॉइस ऑफ फ्रीडम’ असे होते. कोकणीतले नाव होते ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. एकाच केंद्राचे हे दोन आवाज. इंग्रजी ऐकणाऱ्या जगाला एका अवस्थेचा, हक्काचा शब्द ऐकवला गेला. घरच्या माणसांना क्रियेचा.

या तीन क्रियापदांच्या कसोटीवर गोव्याचा इतिहास लावून पाहावा. सालाझार यांच्या राजवटीने गोवा कधीही ‘सोडला’ नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली तेव्हाही लिस्बनने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले नाही. ते मान्य झाले ३१ डिसेंबर १९७४च्या कराराने, म्हणजे ‘सोडवला’ आणि ‘सोडला’ या दोन क्रियापदांत तेरा वर्षांचे अंतर पडले. तो करारही शक्य झाला, कारण त्याच वर्षी २५ एप्रिलला पोर्तुगालमध्ये क्रांती होऊन तिथली हुकूमशाही कोसळली. पोर्तुगीज लोक तो दिवस ‘लिबरदादी’चा, म्हणजे स्वातंत्र्याचा, दिवस म्हणून पाळतात. ज्यांच्यापासून गोवा सोडवला, त्यांनाही स्वतःच्या राजवटीपासून सुटण्यासाठी आणखी एक तप थांबावे लागले.

मग गोव्याच्या दिवसाला ‘इंडिपेंडन्स’ का म्हणत नाहीत? शाळकरी मुलांच्या निबंधात ‘१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्याला स्वातंत्र्य मिळाले’ हे वाक्य हटकून येते आणि शिक्षक ते हटकून दुरुस्त करतात. दुरुस्तीत तथ्य आहे. इंडिपेंडन्स या शब्दाची घडण नकारात्मक आहे : परावलंबन नसणे. राष्ट्राच्या संदर्भात तो वेगळ्या सार्वभौम राज्याचा शब्द आहे. गोवा वेगळे राष्ट्र झाला नाही, व्हावे अशी मुक्तिसंग्रामातल्या प्रमुख प्रवाहांची मागणीही नव्हती. तो भारताचा भाग झाला. तेव्हा इथे ‘इंडिपेंडन्स’ म्हणणे राजकीयदृष्ट्या दुसऱ्याच दिशेला नेणारे ठरले असते. लिबरेशन हा शब्द त्या दृष्टीने चोख बसला : बंधन तुटले एवढेच तो सांगतो, पुढे कोणाशी नाते जुळले याविषयी मौन पाळतो.

कायद्याची भाषा मात्र या दोन्ही शब्दांना फारशी विचारत नाही. संविधानाच्या पहिल्या अनुच्छेदात भारताच्या राज्यक्षेत्राची व्याख्या आहे, आणि पुढे जी इतर राज्यक्षेत्रे संपादित केली जातील तीही त्यात समाविष्ट आहेत. गोवा, दमण व दीव या तरतुदीने भारतात आले आणि १९६२च्या बाराव्या घटनादुरुस्तीने २० डिसेंबर १९६१पासून संघराज्यक्षेत्र ठरले. कायद्याचे क्रियापद ‘अ‍ॅक्वायर’; जमीन संपादन करतात तेच. पुढे १९६९ साली, पोर्तुगीज नागरिकत्व राखून गोव्यात राहिलेल्या एका ख्रिस्ती धर्मगुरूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला जिनिव्हा करारांचा अर्थ लावावा लागला. तिथे निर्णय ज्या दोन शब्दांच्या भेदावर झाला ते होते ‘ऑक्युपेशन’ आणि ‘अ‍ॅनेक्सेशन’ : लष्करी ताबा आणि सामिलीकरण. ताबा असेपर्यंत कराराचे संरक्षण. सामिलीकरण झाले की ते संपले, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. सार्वजनिक व्यासपीठावर जी घटना मुक्ती, तीच न्यायासनापुढे संपादन आणि सामिलीकरण. यात दांभिकपणा शोधण्याचे कारण नाही. प्रत्येक शब्द वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

पेडणे आणि डिचोली या महालांना तर अशा शब्दांची सवय जुनीच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून डिचोली, सत्तरी घेतली आणि १७८८ साली पेडणे घेतले. आणि या सगळ्या मुलखाला नाव दिले ‘नोव्हास कोंकिस्तास’, मराठी कागदपत्रांतली नवी काबिजाद. ‘कॉन्क्वेस्ट’ हेही क्रियेचे नाम, कर्ता आणि कर्म यांच्यासकट. म्हणजे इथल्या माणसाची ओळख पावणेदोनशे वर्षे एका सकर्मक क्रियेचे कर्म म्हणून होती, आणि नंतर दुसऱ्या सकर्मक क्रियेचे कर्म म्हणून झाली. पहिलीपेक्षा दुसरी कितीतरी हितकर, यात शंका नाही. तरीही वाक्यातले त्याचे स्थान तेच राहिले, ही गोष्ट जाणत्यांना बोचत आली आहे.

या बोचणीला उत्तर याच भूमीत आहे. तेरेखोलच्या किल्ल्यावर १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली गोमंतकीय सत्याग्रहींनी तिरंगा लावला. बरोबर एक वर्षाने पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल तिथे धारातीर्थी पडले. दोन्ही वेळा दिवस निवडला तो पंधरा ऑगस्ट. इंडिपेंडन्सच्या दिवशी लिबरेशनचे काम करावयाचे, हा विचार त्यात उघड दिसतो. या माणसांना ‘फ्रीडम फायटर’ म्हणावे हे योग्यच, कारण ‘लिबरेटर’ हा शब्द क्रिया पूर्ण करणाऱ्यालाच शोभतो. क्रिया पूर्ण झाली ती सहा वर्षांनी, सैन्याकडून. त्यांच्यापाशी फ्रीडम ही अवस्था मात्र आधीच होती. जो माणूस बंदुकीपुढे निःशस्त्र चालत जातो, त्याच्या स्वातंत्र्याची तारीख कोणत्या गॅझेटात शोधायची?

कर्ता आणि क्रिया एकाच ठिकाणी दिसतात ते दादरा आणि नगर हवेलीत. जुलै-ऑगस्ट १९५४मध्ये युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, आझाद गोमंतक दल आणि महाराष्ट्रातले स्वयंसेवक यांनी तो मुलूख सोडवला. संगीतकार सुधीर फडके त्यांच्यात होते हे मराठी वाचकाला ठाऊक आहे. पुढे ऑगस्ट १९६१पर्यंत, सात वर्षे, तिथला कारभार वरिष्ठ पंचायतीने पाहिला. त्या राजवटीचा उल्लेख इंग्रजीत ‘फ्री दादरा अँड नगर हवेली’ असा होतो, आणि तिने पोर्तुगीज तिकिटांवर छापलेली अक्षरे होती ‘लिबरेटेड एरियाज’. नावात विशेषण, तिकिटावर कर्मणि धातुसाधित. एकाच वेळी दोन्ही शब्द सार्थ ठरल्याचे दुसरे उदाहरण आपल्या परिसरात नाही.

उलट, एकावाचून दुसरे मिळाल्याची उदाहरणे आहेत. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोव्यातल्या हिंदूंना कायद्यापुढे समान स्थान मिळाले. परकी सत्ता तशीच होती, मुक्ती दूर होती. पण ‘लिबरदादी’ची झुळूक आली. मराठी शाळा, नियतकालिके, वाचनालये यांना जी उभारी आली ती या काळात. याला स्वातंत्र्य म्हणावे का? मराठीत याहून अचूक शब्द आहे : मोकळीक. मोकळीक देणारा असतो, आणि दिलेली मोकळीक परत घेता येते. १९२६च्या लष्करी उठावानंतर आणि १९३०च्या वसाहत कायद्यानंतर ती घेतली गेली. छापील मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून जाऊ लागला, सभेला परवानगी लागू लागली. पण त्या दीड तपात वाचावयास शिकलेल्या पिढीला पुन्हा निरक्षर करणे शक्य नव्हते. त्या काळच्या ग्रंथालयांचे खरे कार्य हेच, आणि ‘लीबेर’ व ‘लिबेर’ यांची गाठ पडते ती इथे. व्युत्पत्तीने नव्हे, सभासदाने घरी नेलेल्या पुस्तकाने.

दुसरे उदाहरण डिचोली महालातल्या मये गावचे. पोर्तुगीज अमलात गावची विस्तीर्ण जमीन एका उमराव घराण्याच्या नावे होती. १९६१नंतर मालक पोर्तुगालला निघून गेले आणि ती मालमत्ता सरकारी ताब्यात आली; १९६४च्या कायद्याने तिला ‘इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ ठरवण्यात आले. इंग्रजीतला हा अंत्य ‘ई’ प्रत्यय कर्माचा वाचक आहे : ज्याला हलवले गेले तो इव्हॅक्युई. गंमत अशी, की गेलेल्या मालकाला व्याकरणाने असहाय कर्म केले आणि मागे राहिलेल्या कुळांना, घरभाटवाल्यांना वाक्यात स्थानच उरले नाही. पिढ्यानुपिढ्या कसलेल्या जमिनीवर आणि राहत्या घराच्या जागेवर त्यांचे नाव लागेना. गावकऱ्यांनी कृती समिती उभारली तेव्हा तिच्या नावात शब्द घातला ‘भू-विमोचन’. ‘स्वातंत्र्य’ नव्हे, ‘मुक्ती’ही नव्हे. १९५४ साली पुण्याच्या समितीने निवडलेला, सोडवणाऱ्याचा हात दाखवणारा तोच शब्द, आणि या खेपेस सहायक हे पद त्यात नव्हते. मुलखाची मुक्ती होऊन गेली होती. जमीन अजून कोणाच्या तरी मुठीत होती, आणि ती सोडवणारे आपणच, हे त्या नावाने सांगितले. मालकी, पदव्या आणि जमिनींची दाने रद्द करणारा कायदा गोवा विधानसभेने २०१४ साली केला, म्हणजे एकोणीस डिसेंबरला बावन्न वर्षे उलटल्यावर. त्यानंतर मयेवासीयांना सनदा मिळू लागल्या. सनदेवर नाव लिहिलेले असते ते प्रथमा विभक्तीत.